शिवणखातं मेडियाशला जातंय

बालिंगेन,
९ फेब्रुवारी २०२४

चि. स्मारांदास,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन दोनदा येऊन गेला, मी उचलला नाही. राग नाही. फोनवर तू रडतेस, मी ओरडते आणि मधेच तुझे बाबा येऊन इथली थंडी विचारतात. म्हणून लिहितेय. आपल्या गल्लीतला गित्सा आता कंपनीचा ट्रक घेऊन दर आठवड्याला मेडियाशहून इथे येणार आहे. त्याच्या हाती हे पत्र, कॉफी आणि तुझ्या क्रीनासाठी रंगपेटी पाठवतेय. कॉफी तुझ्या बाबांपासून लपव.

तर बातमी. परवा एबर्लेसाहेबांनी आम्हा शिवणखात्याच्या बायकांना कॅन्टीनमध्ये बोलावलं. मालकाचा आवाज एरवी खणखणीत, पण त्या दिवशी ते पाण्याच्या ग्लासाशी खेळत बोलत होते. म्हणाले, आशियातून माल मागवून पाहिला, जहाजाला आठवडेच्या आठवडे लागतात, आणि खोट निघाली तर ती कळेपर्यंत पुढचं जहाज समुद्रात असतं. इथे जर्मनीत शिवायचं तर खर्च झेपत नाही. म्हणून दोराला लटकणाऱ्यांच्या सुरक्षापट्ट्यांचं शिवणकाम युरोपातच, पण रोमानियातल्या स्वस्त गावी न्यायचं. ट्रकने दोन दिवस, घड्याळात एका तासाचा फरक. कोणीतरी गाव कोणतं विचारलं. साहेबांना ते नाव नीट म्हणता येईना. मग माझ्याच तोंडून निघून गेलं, मेडियाश. जसं आपण म्हणतो तसं, शेवटचा श लांबवून. सगळ्या खुर्च्या वळल्या गं माझ्याकडे.

इतकी वर्षं रोस्विता आणि मी एका टेबलावर डबा खाल्ला. तिच्या नवऱ्याच्या आजारपणात मी तिच्या घरी रात्री काढल्या. काल ती डबा घेऊन खिडकीपाशी जाऊन बसली.  मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

साहेबांनी मला विचारलंय, मेडियाशला जाऊन नव्या बायकांना शिकवाल का. दोन्ही भाषा येणारी मी एकटीच. मी विचार करते म्हटलं. झोप उडाली आहे. ज्या गावात काम नाही म्हणून मी रडत निघाले, त्या गावाला आता माझंच काम निघालंय आणि मी इथे रडतेय.

आता खरं सांग. तुझे बाबा, आमचा त्रायान, सांगत होते की तू त्या कारखान्यात अर्ज केलास. हो की नाही, एवढं लिही.

इथली माया आहे तशीच आहे, तिकडची आटू देऊ नकोस.

तुझी,
वेतुरिया आत्या


मेडियाश,
२५ फेब्रुवारी २०२४

ती. वेतुरिया आत्यास,
सा. न. वि. वि.

हो. अर्ज केला आणि मला घेतलंसुद्धा. तुला आधी सांगायचं होतं, म्हणून तर फोन करत होते. तू उचलला नाहीस, तर आता माझ्यावर ओरडू नकोस.

मी तुझी भाकरी हिसकावतेय का गं? हा प्रश्न घेऊन मी रोज कामावर जाते आणि तरीही रोज जाते. इटलीत, बेर्गामोला, मी कामाच्या घरी त्या म्हातारीचे पाय चोळत होते तेव्हा क्रीना इथे गोवराने फणफणली होती, आणि मी तिला फोनच्या काचेतून पाहत होते. आता घरी आले तर पोरगी बाहेर खेळायला जायचं असलं की परवानगी आजोबांना विचारते. मी समोर उभी असते. परवा तिने मला विचारलं, तुझी बॅग कपाटावरून कधी काढणार. मी म्हटलं, नाही काढणार. तिने मान डोलावली, पण पटलेलं दिसलं नाही.

कारखाना जुन्या काचकारखान्याच्या शेडमध्ये आहे. प्रमुख म्हणून तुमच्याकडच्या हेगेलेबाई आल्या आहेत. उंच, वेळेच्या पक्क्या, भेटल्यावर हात हातात घेऊन असा हलवतात की खांदा निखळावा. सकाळी आम्ही कॉफीभोवती जमतो, कोणाचं मूल आजारी, कोणाच्या सासूने काय केलं, ते ऐकल्याशिवाय आमचे हात चालत नाहीत. बाई दारातून थेट मशीनपाशी. कोणाला कसं आहे म्हणून विचारणं नाही. गेल्या मंगळवारी त्यांनी आउरिकाबाईंची पट्टी उचलली, सगळ्यांसमोर धरली आणि म्हणाल्या, हे चुकलंय. एवढंच. आउरिकाबाई तुझ्या वयाच्या, अर्ध्या गावाचे लग्नाचे झगे शिवलेल्या. त्यांनी अॅप्रन काढला, घडी घातली आणि घरी गेल्या. हेगेलेबाई मला विचारतात, त्या आजारी आहेत का? त्यांना खरंच कळलं नव्हतं, आत्या.

मजा अशी की बाई आणि मी इटालियनमध्ये बोलतो. त्या दर उन्हाळ्यात इटलीला जायच्या. दोघींचीही भाषा उसनी, त्यामुळे दोघींनाही फार शहाणपणा करता येत नाही.

तू ये ना शिकवायला. बाबा तुझी खोली रंगवायला निघाले आहेत. रंग भयंकर आहे. तू नाही म्हणालीस तर निदान रंग तरी वाचेल.

रागाला जागा ठेव, पण माझ्यासाठीही थोडी ठेव.

तुझी,
स्मारांदा


बालिंगेन,
१७ मार्च २०२४

चि. स्मारांदास,
अनेक आशीर्वाद.

रंग वाचला. मी येत नाही, साहेबांना तसं सांगितलं. रोस्विताच्या खुर्चीवर बसायला दुसरीला मी शिकवायचं, हे मला जमणार नाही. ती दुसरी तू असलीस तरी. किंबहुना तू आहेस म्हणूनच. साहेब म्हणाले, ठीक आहे, मग इथेच तिकडून येणाऱ्या मालाचं बघा. पेट्यांवर तुम्ही लोक रोमानियनमध्ये जे खरडता ते इथे माझ्याशिवाय कोणाला वाचता येत नाही. मी आता ना इकडची ना तिकडची, मधल्या दारात उभी असते.

भाकरीचं म्हणशील, तर तू हिसकावलेली नाहीस. तू नसतीस तर शेजारची दोइना असती. डोक्याला हे पटतं. सकाळी बसमध्ये बसले की मात्र कोणावर चिडायचं तेच ठरत नाही.

आउरिकाबाईंना माझ्याकडून सांग. इथे चुकलं म्हणतात ते शिवणीला, बाईला नव्हे. पहिल्या वर्षी मी स्वच्छतागृहात जाऊन इतकी रडायचे की डोळे सुजायचे. मग पाहिलं, की मला झापणारा फोरमन जेवणाच्या सुट्टीत माझ्यासाठी ब्रेट्सेल, तो खारा पाव, घेऊन येतो, जणू काही झालंच नाही. त्याच्या दृष्टीने झालंच नव्हतं. आणि तुम्हीही एक सवय सोडा. कळलं नाही तरी हो म्हणायचं, जमणार नसलं तरी बघू म्हणायचं. इथली माणसं बघूचा अर्थ बघू असाच घेतात.

रोस्विता अजून खिडकीपाशीच. तिला कळलंय की माझी भाची तिकडे आहे. कोणी सांगितलं ठाऊक नाही. आमच्यातल्या काहीजणींना तपासणीत आणि जोडणीत घेणार आहेत, बाकीच्यांचं कठीण. दोघी-तिघी उघडच म्हणतात की मेडियाशचा माल एकदा तरी सडका निघू दे, मग सगळं परत येईल. मी ऐकते आणि लेबलं वाचते.

क्रीना परवानगी आजोबांना विचारते ना, विचारू दे. तू फक्त तिथे उभी राहा.

आशीर्वाद नेहमीचेच, काळजी जरा जास्त.

तुझी,
आत्या


मेडियाश,
१० मे २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.
ख्रिस्त उठला आहे! रिवाजाप्रमाणे तू ‘खरंच उठला आहे’ असं उत्तर दिलंस असं धरते.

तुमच्या तिकडचा ईस्टर आमच्या ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या महिनाभर आधीच झाला, तेव्हाच घोळाची सुरुवात झाली. हेगेलेबाई सुट्टी भोगून परतल्या होत्या आणि पहाडी बचावपथकांची मोठी ऑर्डर आली होती. आमच्या ईस्टरच्या सोमवारी येणार का, असं त्यांनी एकेकीला विचारलं. आम्ही सगळ्या म्हणालो, बघू. हो, मी पण. तुझं पत्र पिशवीत होतं आणि तोंडातून बघूच निघालं. सोमवारी बाईंनी शेड उघडली, दिवे लावले, आणि एक चिटपाखरू आलं नाही.

बाबा चर्चहून परतताना त्यांना दिवे दिसले. आत गेले, तर बाई एकट्या रिकाम्या मशीनसमोर बसलेल्या. बाबांनी त्यांना दंडाला धरून घरी आणलं. कोकराचं भाजलेलं मांस, कोझोनाकचा गोड पाव, लाल अंडी, सगळं पुढ्यात वाढलं. क्रीनाने त्यांना अंड्यावर अंडं आपटायला शिकवलं, आणि बाईंनी तिचं अंडं फोडलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. मग म्हणाल्या, कोणीतरी नाही म्हणालं असतं तर मी सुट्टी दिली असती. बाबा म्हणाले, नाही म्हणणं आम्हाला उद्धट वाटतं.  बाबांच्या पालिंका दारूच्या दुसऱ्या पेल्याला बाईही नाही म्हणाल्या नाहीत.

आमचं जरा जुळतंय असं वाटतं. आउरिकाबाईही परत आल्या. आणि तो माल आम्ही वेळेवर पाठवतोय, याच ट्रकमध्ये, बघ तुझ्या हाती येईल. त्यातही गंमत झाली होती. ईस्टरच्या आदल्या आठवड्यात नेलूकडून एका मशीनच्या धाग्याचा ताण चुकीचा बसला. नेलू म्हणजे आमचा मेकॅनिक, दोइनाचा नवरा, भला माणूस. पट्ट्यांचे टाके सैल निघाले. बाईंना कळलं असतं तर त्यांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं असतं. मग आम्हीच मिळून त्या पट्ट्यांवर पुन्हा शिवण घातली, पहिल्या शिवणीवरच. आता दुप्पट मजबूत. बाईंना पत्ता नाही. तुझ्या भाचीला आता काम सांभाळता येतं, मान्य कर.

तुझ्यासाठी झाकुस्का चटणीच्या बरण्या देतेय, गित्साने वाटेत उघडल्या नाहीत तर पोचतील.

लोभ वाढता राहो, तेवढी मी गुणी झाले आहे.

तुझी,
स्मारांदा


बालिंगेन,
१४ मे २०२४

स्मारांदा,

मायना लिहायला हात धजत नाही. त्या पट्ट्यांसाठी काल मी फोन केला तेव्हा तू जे बोललीस ते मी रात्रभर ऐकत होते. म्हणे मी जळते, मला तुमचा कारखाना बुडायला हवा आहे, मी जर्मन झाले आहे. आणि मग तू फोन ठेवलास. मीही कमी बोलले नाही. तुम्हाला अक्कल नाही म्हणाले, ते मागे घेते. बाकीचं मागे घेत नाही.

शांतपणे वाच. एकाच जागी दुसऱ्यांदा शिवण घातली की सुई तेच धागे पुन्हा कापते. वरून टाके भरगच्च दिसतात आणि पट्टी आतून कुरतडलेली असते. ते दिसत नाही. ते कळतं तेव्हा तिला कोणीतरी लटकलेलं असतं. बर्फातून जखमी माणसाला वर ओढणारा एखादा पोरगा, ज्याने आपला जीव त्या पट्टीवर टाकलेला असतो. तुला हे ठाऊक नव्हतं, कारण शिकवायला मी आले नाही. पण आता ठाऊक आहे.

इथल्या तपासणीत मोजक्याच पट्ट्या ताणून बघतात. सापडेल, न सापडेल. पेट्या कोठारात आल्या आहेत. लेबलात घोळ आहे, मला एकेक वाचावं लागेल, असं सांगून मी त्या अडवल्या आहेत. साहेबांना काही बोलले नाही. काल रोस्विता कोठारात आली, पेट्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माल कसा आहे म्हणून विचारलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली, आणि मी तिला म्हटलं, बघू. ऐकलंस? मी, बघू.

मी एक शब्द बोलले तर या हॉलमधल्या अर्ध्या बायका मला मिठी मारतील. म्हणूनच मला बोलायचं नाही. माझ्याकडून गेलं तर ती चहाडी, मेडियाश नालायक ठरेल. तुमच्याकडून गेलं तर तो कारखान्याचा शब्द. तू हेगेलेबाईंकडे जा. गित्सा हे पत्र गुरुवारी देईल, शुक्रवार संध्याकाळपर्यंत मी थांबते. त्यानंतर मी साहेबांच्या खोलीत जाणार, आणि मग तू मला आत्या म्हणाली नाहीस तरी चालेल.

वेतुरिया


मेडियाश,
२१ मे २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

एव्हाना तुला सगळं तिकडून कळलंच असेल, तरी माझ्याकडून ऐक.

पत्र वाचलं आणि आधी नेलूकडे गेले. त्याच्या पाठीमागे जायचं नव्हतं. तो अंगणात द्राक्षवेल बांधत होता. ऐकून घेतलं, वेल बांधत राहिला. मग म्हणाला, तुला काय, उद्या नाही जमलं तर तू पुन्हा इटली गाठशील. मला इथे राहायचंय, इथेच मान वर करून दुकानात जायचंय. मी म्हटलं, मी कुठेही जाणार नाही. तो म्हणाला, मग तुलाही कळेल. दोइना दारात उभी होती. तिने माझ्यासाठी कॉफी ठेवली होती, ती तिने आत नेली.

शुक्रवारी सकाळी बाईंच्या खोलीत गेले. उसन्या भाषेत मला शब्द सापडेनात, म्हणून त्यातली इथे उरलेली एक पट्टी उलटून त्यांच्यासमोर ठेवली आणि बोटाने दाखवलं. त्या ओरडल्या नाहीत. रंग उतरला त्यांचा. लगेच एबर्लेसाहेबांना फोन लावला, पेट्या उघडू नका म्हणाल्या. फोन ठेवून मला विचारलं, मला कोणी का सांगितलं नाही? मी म्हटलं, तुम्ही सगळ्यांसमोर बोलला असता म्हणून. त्या म्हणाल्या, लपवून मी काय करणार होते, चूक सगळ्यांना कळायलाच हवी. मी म्हटलं, चूक कळू दे, माणूस कशाला?  

मग त्यांनी नेलूला खोलीत बोलावलं, एकट्याला, दार लावून. काढलं नाही. राहा म्हणाल्या, मशीन बंद करायचा अधिकार तुझा, मला न विचारता बंद कर. तो हो म्हणाला. आणि रविवारी ऑस्ट्रियात ग्राझला निघून गेला, तिकडे त्याचा मेव्हणा बांधकामावर आहे. कोणी हाकललं नाही त्याला, आत्या. लाज वाटली म्हणून गेला.

आता शेडमध्ये माझ्या शेजारी कोणी भाकरी खायला बसत नाही. रोस्विता खिडकीपाशी बसते तेव्हा तुला कसं होतं, ते समजलं. दोइना दोन मशीन पलीकडे शिवते. तिची मुलं संध्याकाळी बापाला फोनच्या काचेत बघतात. मी परत आले आणि तो गेला. क्रीना मात्र काल शाळेची सहल आहे, जाऊ का, असं मला विचारत आली. मला. मी हो म्हटलं आणि मग परसात जाऊन रडले. आनंदाचं की कशाचं, सांगता येत नाही.

फोनवर जे बोलले ते पोटातून आलं नव्हतं, भीतीतून आलं होतं. तू शुक्रवारपर्यंत थांबलीस.

आत्या म्हणतेच आहे. तू भाची म्हणणार असशील तर कळव.

स्मारांदा


ग्राझ,
३० जून २०२४

चि. भाचीस, मुद्दाम लिहिलंय, वाच पुन्हा,
अनेक आशीर्वाद.

गाव बघून चक्रावू नकोस. एबर्लेसाहेबांनी सगळ्यांना परत कॅन्टीनमध्ये बोलावलं होतं. हा माल मेडियाशनेच स्वतःहून परत मागवला, असं त्यांनी सांगितलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काम परत येणार नाही. पण घाईने चाललं होतं ते आता हळू जाणार, आणि शिकवायला माणूस पाठवल्याशिवाय नवा माल सुरू करायचा नाही, असं ठरलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी विचार करते म्हटलं नाही, येते म्हटलं.

रोस्विताला तपासणीत घेतलं नाही. तिने एका बेकरीत सकाळची पाळी धरली आहे. निघण्यापूर्वी तिच्याकडे गेले. तिने दार उघडलं, आत ये म्हणाली नाही, नको पण म्हणाली नाही. पेट्यांचं तुला तेव्हाच ठाऊक होतं ना, असं विचारलं. मी हो म्हटलं. आणि तू गप्प बसलीस, आमच्यासाठीसुद्धा बोलली नाहीस, म्हणाली. मी म्हटलं, नाही बोलले. मग तिने प्रवासाला म्हणून पाव बांधून दिला. तो तिने प्रेमाने दिला की माझं तोंड बंद व्हावं म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. वाटेत खाल्ला. चांगला होता.

बस ग्राझवरून जाते, म्हणून उतरले. नेलूचा पत्ता दोइनाने फोनवर दिला. तो एका खोलीत चौघांबरोबर राहतो. मला बघून खुर्ची पुसली. पहिल्या वर्षी मी कुठे जाऊन रडायचे ते त्याला सांगितलं. त्यानेही त्याचं सांगितलं. मेव्हण्यालासुद्धा ठाऊक नाही. मग मी म्हटलं, मला शिकवायचं काम दिलंय, पण मशीनचा ताण बसवणं मला येत नाही आणि या वयात शिकणारही नाही. तो हसला नाही. पट्ट्यांचं काय झालं, विचारलं. सगळ्या कापून टाकल्या म्हटल्यावर त्याने डोळे मिटले, आणि मग जेवला.

उद्याच्या बसची दोन तिकिटं त्याने स्वतः काढली आहेत. तो म्हणतो, फक्त मुलांना बघायला येतोय. कारखान्याचं तो बोलला नाही, मीही काढलं नाही. पुढच्या रविवारी परत जातो की सोमवारी शेडच्या दारात उभा राहतो, ते त्याचं त्याला ठरवू दे. हे पत्र ग्राझहून तासाभराने निघणाऱ्या गाडीवाल्याजवळ देतेय, आमच्या आधी पोचेल. दोइनाला वाचून दाखव, तिच्या घरी जाऊन. बाकी कोणाला नाही. हेगेलेबाईंनाही नाही. स्टँडवर माणसं जमवू नका, त्रायानला पालिंका आणू देऊ नकोस.

फक्त दोइना आणि मुलं असू दे. तू जरा लांब थांब. तो उतरला, त्यांच्याकडे गेला की मग माझी बॅग घ्यायला ये.

तुझी,
आत्या